पीईबी शेड उभारताय? या चुका टाळा

पीईबी म्हणजे प्री-इंजिनिअर्ड बिल्डिंग. अशा शेडचा प्रत्येक भाग कारखान्यातून मापाने कापून, भोकं पाडून येतो. साइटवर तो उचलायचा आणि बोल्ट लावायचे, एवढंच काम. त्यामुळे साइटवर गॅस कटर पेटलेला दिसला की आधी कुठेतरी चुकलंय हे नक्की समजा. बहुतेक वेळा ती चूक फाउंडेशन बोल्टांची, म्हणजे कॉलम धरायला पायाच्या काँक्रीटमध्ये रोवलेल्या बोल्टांची असते.

चाकणजवळच्या एका शेडवर सिव्हिल ठेकेदाराने टेम्प्लेट, म्हणजे बोल्ट जागेवर धरणारी भोकांची प्लेट, वापरलीच नव्हती. बोल्ट बाइंडिंग वायरने सळयांना बांधले आणि काँक्रीट ओतलं. व्हायब्रेटर लागला तसे बोल्ट सरकले. नंतर कोणी टेपही लावली नाही. कॉलमचे ट्रेलर आले, भाड्याची क्रेन उभी राहिली, तेव्हा कळलं की काही पेडेस्टलवरचे (कॉलमखालच्या काँक्रीटच्या चौथऱ्यांवरचे) बोल्ट कॉलमच्या तळाच्या बेस प्लेटच्या भोकांत जातच नाहीत. इरेक्शनवाल्यांनी बोल्ट तापवून वाकवायला घेतले, एका प्लेटची भोकं तर गॅसने वाढवूनही टाकली. मी काम थांबवलं. पीईबी शेड वजनाला हलकी असते. वारा छप्पर वर उचलायला लागला की तिला जमिनीला धरून ठेवतात ते हेच बोल्ट, आणि तापवून वाकवलेल्या बोल्टाचा भरवसा कोण देणार? क्रेन परत पाठवली. डिझायनरकडून तपशील मागवला, वाकवलेले बोल्ट कापून केमिकल अँकर (काँक्रीटमध्ये भोक पाडून रसायनाने चिकटवलेले बोल्ट) बसवले, फाटलेल्या भोकांवर जाड प्लेट वॉशर वेल्ड केले. क्रेनच्या फुकट गेलेल्या भाड्यातच सगळ्या टेम्प्लेट बनल्या असत्या.

मी ६ मिमी प्लेटची टेम्प्लेट घेतो, तिच्या वर-खाली नट आवळतो आणि ती शटरिंगला पक्की करतो. मग कर्ण मोजायचा. कॉलमच्या मध्यरेषा १८ मीटर आणि ७.५ मीटरवर असतील तर कर्ण बरोब्बर १९.५ मीटर यायला हवा. एका गटातल्या बोल्टांत ३ मिमीपेक्षा जास्त फरक मी चालवून घेत नाही. काँक्रीट ओलं असतानाच सगळी मापं पुन्हा घ्या. आट्यांना ग्रीस लावून वर गोणपाट गुंडाळा.

दुसरी चूक म्हणजे ‘ब्रेसिंग (फ्रेमना धरणारे तिरके आधार) नंतर लावू’. फ्रेम, म्हणजे दोन कॉलम आणि त्यांवरचे छपराचे तिरके राफ्टर, आपल्या रुंदीच्या दिशेने दणकट असते, शेडच्या लांबीच्या दिशेने मात्र ती जवळजवळ निराधार असते. नवीन मुलांना पटापट फ्रेम उभ्या करून फोटो पाठवायची घाई असते. मे महिन्यात वळवाचा एक झोत आला की ती रांगच्या रांग आडवी होऊ शकते. म्हणून ब्रेसिंगची बे (दोन फ्रेममधला गाळा) आधी: दोन फ्रेम, मधल्या पर्लिन (छपराचा पत्रा पेलणारे आडवे सेक्शन), भिंतीतलं आणि छपरातलं ब्रेसिंग, ओळंबा. हे झाल्याशिवाय मी तिसरी फ्रेम उचलू देत नाही.

याचंच छोटं भावंड म्हणजे फ्लॅन्ज ब्रेस. राफ्टरच्या खालच्या फ्लॅन्जपासून (खालच्या आडव्या पट्टीपासून) पर्लिनला जाणारा हा तिरका अँगल इतका किरकोळ दिसतो की डक्ट आडवा आला की लोक तो खुशाल काढतात. पण कॉलमजवळ राफ्टरची खालची बाजू दाबाखाली असते, आणि वाऱ्याने छप्पर उचललं की मधल्या भागातही खालचीच बाजू दाबली जाते. तिला धरणारं काही नसेल तर ती आडवी सरकते आणि राफ्टर पिळवटतो. डक्ट वळवा, अँगलला हात लावू नका.

पत्रा ग्राइंडरने कापू नका. ठिणग्या कोटिंगमध्ये रुततात आणि पहिल्याच पावसाळ्यात गंजाचे ठिपके उमटतात. निबलर (पत्रा ठिणग्यांशिवाय कुरतडत कापणारं यंत्र) वापरा.

स्क्रू इतका आवळू नका की रबरी वॉशर बाहेर फुगेल. गळती तिथूनच सुरू होते.

झेड आकाराच्या पर्लिनचा लॅप, म्हणजे जोडावर एकीवर एक चढणारी लांबी, ड्रॉइंगप्रमाणेच ठेवा.

पुण्याच्या शेडचं ड्रॉइंग मुंबईला चालवायचा मोह तर हमखास होतो. आयएस ८७५ या भारतीय मानकाच्या तिसऱ्या भागात पुण्याचा मूळ वाऱ्याचा वेग सेकंदाला ३९ मीटर आहे, मुंबईचा ४४. दाब वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो, म्हणजे बाकी सगळं सारखं धरलं तरी सुमारे २७ टक्के जास्त. कमी टनाचं कोटेशन हातात आलं की किलोचा भाव नंतर विचारा, आधी त्यात धरलेला वाऱ्याचा वेग आणि छपरावरचा भार विचारा. पुढे सोलर पॅनेल बसवायचे असतील तर तेही तेव्हाच सांगून ठेवा. ऑर्डर गेल्यावर पर्लिनची जाडी वाढवता येत नाही.