सेंटेड कँडल घेताय? नुसतं झाकण उघडून हुंगू नका, या चुका टाळा

दोन वर्षांपूर्वी दिवाळीच्या तोंडावर मी बाराशे रुपयांची एक मोठी सेंटेड कँडल घेतली, चांगला चार इंच रुंद काचेचा जार, लाकडी झाकण, आणि घेताना केलं काय तर फक्त झाकण उघडून वास घेतला. दुकानात काय मस्त वास येत होता, संत्र्याचं साल आत्ता सोललंय असा. घरी आणून हॉलमध्ये लावली, दोन तास झाले, नवरा विचारतो "लावलीयेस की नुसती शोला ठेवलीयेस?" आठवडाभरात तिच्या मधोमध विहीर झाली, बाजूला बोटभर जाड मेणाची भिंत जशीच्या तशी उभी, आणि खाली वात आपली वितळलेल्या मेणात गटांगळ्या खातेय. मी तेव्हा कंपनीला शिव्या घातल्या. नंतर दहा-पंधरा कँडल्सवर पैसे घालवल्यावर कळलं की अर्धी चूक माझीच होती.

तर पहिली चूक हीच, गार मेणाचा वास घेऊन ठरवायचं. झाकण उघडल्यावर जो वास येतो आणि कँडल पेटल्यावर खोलीत जो पसरतो ते दोन वेगळे वास आहेत, बनवणारे लोक त्याला कोल्ड थ्रो आणि हॉट थ्रो म्हणतात. लिंबू, संत्रं असले हलके वास पटकन उडणारे, म्हणून झाकण काढलं की तेच आधी नाकात शिरतात. व्हॅनिला, चंदन, ऊद हे जड वास, ते मेण गरम झाल्यावर हळूहळू वर येतात. म्हणजे दुकानात संत्रं आवडलं म्हणून घ्यायची आणि घरी अर्ध्या तासाने नुसता व्हॅनिला, असं होऊ शकतं. दुकानात एखादी पेटवून ठेवलेली असेल तर तिच्यापासून चार-पाच पावलं लांब उभं राहून बघा. आणि एका दमात पंधरा जार हुंगू नका, चौथ्या-पाचव्यानंतर नाक काम करायचं थांबतं आणि सगळंच छान किंवा सगळंच डोकं उठवणारं वाटायला लागतं. काही दुकानांत कॉफीच्या बिया ठेवतात त्यासाठी, मला त्याने कधी काही फरक पडला नाही, त्यापेक्षा दोन मिनिटं बाहेर जाऊन रस्त्यावरची हवा घेऊन या.

दुसरी चूक आपण वरून बघतच नाही. जार हातात घेतला की आपण बाजूचं लेबल वाचतो, पण आधी वरून वाकून वात बघायची. सात-आठ सेंटीमीटर रुंद जारला एक वात पुरते, दहा सेंटीमीटरच्या आसपास गेला की दोन किंवा तीन वाती हव्यात. माझ्या त्या बाराशेवालीला एकच बारीक वात होती, ती बिचारी मधलं मेण वितळवणार तरी किती? मेण वितळून वर जे तळं साचतं ना, वास मुख्यतः त्यातून येतो, तळं लहान तर वास लहान. आणि खोलीचा हिशोब पण करा. दहा बाय दहाच्या बेडरूमला दीडशे-दोनशे ग्रॅमची एका वातीची बास होते. हॉल आणि किचन एकच मोकळं असेल तर तीच कँडल तिथे हरवून जाते, तिथे दोन ठिकाणी एकाच वासाच्या दोन लावा, पण दोन वेगळे वास एकत्र नको, मोगरा अधिक चॉकलेट म्हणजे लग्नाच्या हॉलमध्ये जेवणाच्या पंगतीशेजारी गजरेवाली बसल्यासारखं होतं.

आता पहिल्यांदा लावतानाची चूक, आणि ही जवळजवळ सगळे करतात. नवी कँडल आणली, पाहुणे आले म्हणून वीस मिनिटं लावली, फोटो काढला, विझवली. संपलं. जेवढं वर्तुळ पहिल्यांदा वितळलं तेवढंच पुढच्या वेळी वितळत जातं, त्याच्या बाहेरचं मेण तसंच राहतं आणि विहीर खोल होत जाते. पहिल्या वेळी मेण काचेच्या कडेपर्यंत पूर्ण वितळेपर्यंत विझवायची नाही, साधा हिशोब दर इंच रुंदीला एक तास. तीन इंचाचा जार असेल तर तीन तास वेळ आहे का बघा, नाहीतर त्या दिवशी लावूच नका. मात्र चार तासांच्या वर एका वेळी कुठलीच कँडल जाळायची नाही, काच फार तापते, वातीवर काजळीचा बोंडा जमतो आणि ज्योत वेडीवाकडी होते.

विहीर झालीच असेल तर फेकू नका. अ‍ॅल्युमिनियम फॉइल घ्या, पोळ्या गुंडाळायची तीच, जारच्या तोंडावर कडेने गुंडाळा आणि मधे ज्योतीला हवा मिळेल एवढं मोठं भोक ठेवा. आत उष्णता कोंडते आणि कडेचं मेण वितळायला लागतं, वीस-तीस मिनिटं पुरतात, तेवढा वेळ समोर बसून राहा आणि फॉइल काढताना बोटं सांभाळा, मी एकदा भाजून घेतलंय. वात बुडाली असेल तर वरून हेअर ड्रायर मारून मेण पातळ करा आणि थोडं टिश्यूने टिपून घ्या. सिंकमध्ये ओतू नका हां, पाइपात जाऊन गोठतं आणि मग प्लंबरला सांगताना तोंड लपवावं लागतं.

पंख्याचं काय करायचं, हा खरा प्रश्न. परदेशी व्हिडिओत ती ज्योत कशी सरळ उभी असते, कारण वर पंखा नसतो. आपल्याकडे मार्च ते नोव्हेंबर पंखा बंद करायचा म्हणजे घरात भांडण. पंख्याखाली ज्योत एका बाजूला कलते, एकीकडचं मेण आधी संपतं, काच काळी होते आणि वास खिडकीतून सरळ शेजाऱ्यांकडे. आमच्या हॉलच्या एका कोपऱ्यात छताला हातभर काळा डाग आहे, तो कँडलचा, मला वाटलं गळती आहे म्हणून सोसायटीत तक्रार करायला निघाले होते. तो डाग ओल्या फडक्याने पुसायला गेले तर अजून पसरला, काजळी आधी कोरड्या स्पंजने टिपायची असते हे नंतर कळलं. त्यामुळे कँडल पंख्याच्या आणि एसीच्या झोतात येणार नाही असा कोपरा आधी शोधा, आणि तसा कोपराच नसेल तर सरळ मेण गरम करणारा इलेक्ट्रिक वॉर्मर घ्या, ज्योत नाही, काजळी नाही. मी आता उन्हाळ्यात तोच वापरते.

काजळीचं दुसरं कारण लांब वात. दर वेळी लावण्याआधी वात अर्ध्या सेंटीमीटरवर आणायची, तांदळाच्या एका दाण्याएवढी. आजी समईची वात सारखी करायची, काजळी झाडायची, तेच आहे हे, आपण मात्र महागडा वात कापायचा कातर मागवून ड्रॉवरमध्ये ठेवतो. साधं नेलकटर पण चालतं. आणि फुंकर मारून विझवू नका, धूर सगळा वास मारून टाकतो, झाकण ठेवा वर, आपोआप विझते. पाणी तर चुकूनसुद्धा नाही, गरम मेण उडतं आणि काच तडकते.

लेबलवर जरा वेळ घालवते कारण इथेच जास्त फसायला होतं. "शंभर टक्के नॅचरल चंदन" असं तीनशे रुपयांच्या कँडलवर लिहिलेलं असतं. आता गणित बघा. कँडलमध्ये सुगंधी तेल साधारण सहा ते दहा टक्के घालतात, म्हणजे दोनशे ग्रॅमच्या कँडलला आठ टक्क्यांनी सोळा ग्रॅम. खऱ्या चंदनाच्या तेलाचा भाव किलोला लाखाच्या वर असतो, अगदी लाखच धरा, तरी ग्रॅमला शंभर रुपये, सोळा ग्रॅमचे सोळाशे. मग तीनशेत काय येणार? लॅबमध्ये बनवलेला चंदनासारखा वास येणार, आणि त्यात वाईट काही नाही, चांगल्या प्रतीचा असला तर मस्तच असतो, फक्त नॅचरल म्हणून जास्त पैसे मोजू नका. वाळ्याच्या नावाने हिरवीगार कँडल मिळते तिला तर साबणाचा वास असतो, नाव सोनूबाई हाती कथलाचा वाळा, आणि इथे तर वाळासुद्धा नाही.

तसंच "सोया" हा शब्द. पॅराफिन पेट्रोलियमपासून येतं, सोया वॅक्स सोयाबीनच्या तेलापासून, त्यामुळे पॅराफिन म्हणजे विष आणि सोया म्हणजे अमृत असं रील्समध्ये सांगतात. सोया काजळी धरत नाही हे खोटं आहे, वात लांब असली आणि वारा असला की कुठलंही मेण काजळी धरतं. बऱ्याच "सोया" कँडल्स मिश्रण असतात, विचारा, किती टक्के सोया. सोयाचा एक स्वभाव मात्र माहीत असू द्या, वर पांढरट डाग येतात, पावसाळ्यात माझ्या मैत्रिणीने ती बुरशी समजून अख्खी कँडल कचऱ्यात टाकली होती. बुरशी नाही ती, मेण तसं गोठतं, जळायला काही फरक पडत नाही.

इन्स्टावर घरून कँडल बनवणाऱ्या खूप ताया आहेत, त्यांच्याकडून घेताना तीन गोष्टी विचारते मी: किती ग्रॅम, कुठलं मेण, आणि कधी ओतली. सोयाला ओतल्यावर आठवडा-दोन आठवडे मुरू द्यावं लागतं, लोणच्यासारखं, काल ओतलेली आज पाठवली तर वास कच्चाच येणार. आणि एप्रिल-मेमध्ये कुरियरने मागवू नका, विशेषतः तुम्ही नागपूर-अकोल्याकडे असाल तर, जारमधलं सोया वॅक्स पन्नास डिग्रीच्या आसपासच वितळतं आणि बंद टेम्पोत तेवढं तापमान सहज होतं, पार्सल उघडलं की मेण एका बाजूला कललेलं आणि वर तेल सुटलेलं. तेच गाडीत ठेवून विसरण्याचं.

मोतीचूर लाडवासारख्या, लस्सीच्या ग्लासासारख्या कँडल्स दिवाळीत खूप चालतात, दिसायला झकास, पण वास म्हणून घेऊ नका, त्या शोच्याच. माझ्या भाच्याने तसल्या लाडवाचा घास घेतलेला आहे, नशीब लगेच थुंकला. वाळलेली फुलं, दालचिनीच्या कांड्या वरून लावलेल्या कँडल्स पण फोटोपुरत्याच, ती फुलं ज्योतीत आली की पेट घेतात, लावायचीच असेल तर आधी ती काढून टाका.

कुठे कुठला वास याचे नियम नाहीत पण काही ठिकाणी चूक महागात पडते. स्वयंपाकघरात गोड वास नको, लसणीच्या फोडणीत व्हॅनिला मिसळला की जेवायची इच्छा मरते, तिथे लिंबू किंवा गवती चहा चालतो, तोही स्वयंपाक उरकल्यावर. गॅस सिलिंडरजवळ तर कँडल लावायचीच नाही, एक म्हणजे उघडी ज्योत, आणि दुसरं, एलपीजीला स्वतःचा वास नसतो, गळती कळावी म्हणून त्यात मुद्दाम इथाइल मर्कॅप्टन घालतात, तोच वास तुम्ही जास्मीनखाली दाबून टाकला तर कळणार कसं? पावसाळ्यातल्या कुबट वासावर पण कँडल हा इलाज नाही, कपाटामागे ओल असेल तर ती आधी बघा, नाहीतर कुबट अधिक गुलाब असा तिसराच वास तयार होतो जो दोन्हीपेक्षा वाईट. सिट्रोनेलाच्या कँडलने डास पळतील ही आशा पण सोडा, थोडाफार फरक पडतो तो अगदी जवळ बसलात तर, जाळी आणि मच्छरदाणीला पर्याय नाही.

घरात दमेकरी असतील किंवा तान्हं बाळ असेल तर मी तरी लावत नाही. मांजर असेल तर टी ट्री आणि बाकीच्या इसेन्शियल ऑइल्सपासून लांब राहा, ही तेलं पचवून बाहेर टाकायला तिचं लिव्हर कमी पडतं. लव्हबर्ड्सच्या खोलीत धुराचं काहीच नको.

आणि शेवटचं मेण खरवडून संपवायच्या भानगडीत पडू नका, तळाशी सेंटीमीटरभर राहिलं की बंद. त्याच्या खाली काच सरळ तापते, तडकू शकते, म्हणून पहिल्यापासूनच खाली टाइलचा तुकडा किंवा स्टीलची ताटली ठेवायची सवय लावा, प्लास्टिकच्या टेबलावर टी-लाइट ठेवून मी एक गोल भोक पाडलेलं आहे. उरलेलं मेण काढायचं तर जार रात्रभर फ्रीजरमध्ये ठेवा, सकाळी सुरीच्या टोकाने उचकटलं की चकतीसारखं सुटून येतं, ते वॉर्मरमध्ये टाकता येतं. जार धुवून पेन ठेवा, हेअरपिना ठेवा, पण खायचं काही ठेवू नका. आमच्या सासूबाईंनी माझ्या नकळत त्यात मेतकूट भरलं होतं, जार तीनदा धुतलेला, तरी पहिल्याच दिवशी भातावर घेतलं आणि सासरे म्हणाले "यात पावडर सांडलीये का गं?" लॅव्हेंडर होतं ते.