पक्षी उद्यानात पाचच पिंजरे बघा

पहिल्यांदा गेलो तेव्हा नकाशा हातात घेऊन आम्ही झाडून सगळे पिंजरे पालथे घातले. रात्री थोरल्याला विचारलं, काय आवडलं? सहा वर्षांचा हा प्राणी म्हणाला, "गेटजवळची खार." अडीच वर्षांची धाकटी तर दुपारी एकपासून भोकाडच पसरून होती. तेव्हापासून माझा हट्ट एकच: पाच-सहा ठिकाणं बघायची, पण प्रत्येक ठिकाणी चांगलं बूड टेकून बसायचं.

दार उघडायच्या वेळेलाच पोचा. सकाळी पक्षी खातात, ओरडतात, एकमेकांशी भांडतात. भर दुपारी ते डोळे मिटून बसले की मुलं विचारतात, "हा खरा आहे का?" पक्ष्यांना खाणं घालायच्या वेळा तिकीट खिडकीवरच विचारून घ्या आणि दिवस त्याभोवती आखा. शू-शी आधी उरकून घ्या, पहिल्या पिंजऱ्यापाशी पोचल्यावर हमखास आठवते.

सुरुवात मी नेहमी फ्लेमिंगोंपासून करते. आकार मोठा, रंग भडक, धाकटीलाही बोट दाखवावं लागत नाही. फ्लेमिंगो चोच पाण्यात घालतो ती उलटी, डोकं पायांकडे वळवून. पाणी गाळून बारीक जीव आणि शेवाळ खातो. त्यातल्याच रंगद्रव्यांमुळे तो गुलाबी होतो, पिल्लू असतं तेव्हा राखाडी असतो. हे सांगितल्यावर थोरल्याने विचारलं, "मी खूप गाजरं खाल्ली तर?" म्हटलं, जरा पिवळट होशील, गुलाबी नाही. तो दहा मिनिटं तिथून हलला नाही.

घुबडापाशी एक खेळ घ्या. घुबडाला डोळे फिरवता येत नाहीत, म्हणून ते मान जवळजवळ २७० अंशांपर्यंत वळवतं. मुलांना सांगा, "बुबुळं न हलवता मागच्या झाडाकडे बघ." सगळं घर गोल गोल फिरू लागतं. पोपटाचे पाय बघायला लावा: दोन बोटं पुढे, दोन मागे, म्हणून तर त्याला दाणा मुठीत धरून खाता येतो. एमूची अंडी बाबाच उबवतो, सुमारे आठ आठवडे, जवळजवळ काही न खाता. हे मी जरा मोठ्याने वाचते, नवऱ्याला ऐकू जाईल असं.

खरी कसोटी असते ती आत शिरता येतं त्या मोठ्या जाळीघरात. दोन दारं असतात. पहिलं लागल्याशिवाय दुसरं उघडायचं नाही, हे मुलांना बाहेरच समजावून सांगा. कानातलं, क्लिपा, चकचकीत बटणांची टोपी काढून ठेवा, पोपटाच्या जातीला असल्या वस्तू ओढायला फार आवडतं. लोरींना, म्हणजे फुलांतला मध पिणाऱ्या रंगीत पोपटांना, मधासारखं गोड पाणी पाजायला देतात. कप जरा तिरका धरला तर त्यांच्या जिभेच्या टोकाचा ब्रश दिसतो. आमच्याकडे एक लोरी थेट धाकटीच्या डोक्यावर उतरली. ती किंचाळली, मी हात झटकला, पक्षी बिथरला आणि केसांत जास्तच अडकला. झटकायचं नाही. हळूच खाली बसायचं, आपला हात जवळ न्यायचा, तो आपोआप त्यावर येतो. जे मूल घाबरतं त्याला आत ढकलू नका. एका मोठ्याने त्याच्याबरोबर जाळीबाहेर थांबावं. आमची धाकटी दोन खेपा बाहेरूनच बघत होती, तिसऱ्या खेपेला स्वतःहून आत गेली.

अंगावर शिट पडणारच, म्हणून प्रत्येकाचा एक जादा शर्ट घ्या. विष्ठेतून जंतू जातात, तेव्हा खाण्याआधी साबणाने हात धुवायचे. नुसत्या ओल्या रुमालावर भागवू नका. अंगठा चोखणाऱ्यांवर विशेष नजर ठेवा. घरचा पाव, बिस्किटं पक्ष्यांना देऊ नका, मुलांनी कितीही गळ घातली तरी.

मुलं अजून हसत असतानाच बाहेर पडा. वस्तूंचं दुकान बहुतेक वेळा वाटेतच आडवं येतं, तेव्हा एकच वस्तू मिळेल हे घरूनच ठरवून निघा. पक्ष्याच्या आवाजाची शिट्टी मात्र घेऊ नका. आम्ही एकदा घेतली. परतीचा अख्खा प्रवास धाकटीने ती वाजवली, आणि झोपली तेव्हाही ती तोंडातच होती.