हिरव्या रंगात काय काय आहे? कागदावर शोधायची रीत

खानापूर तालुक्यातल्या मराठी शाळेत मी विज्ञान शिकवतो. क्रोमॅटोग्राफीचा, म्हणजे मिसळलेले पदार्थ सुटे करायच्या तंत्राचा, तास बहुतेक ठिकाणी असा होतो: काळ्या स्केचपेनचा ठिपका, पाणी, वर चढलेले रंग, टाळ्या. रंग सुटे झाले हे खरं, पण ते कोणते हे कुठं ठरलं? ओळख पटवायची तर माहीत असलेला रंग त्याच कागदावर शेजारी चढवावा लागतो. म्हणून मी खाण्याचे रंग घेतो.

हे रंग बेळगावात गणपत गल्लीकडं किराणा दुकानात मिळतात. लेबल वाचूनच घ्या. त्यावर रंगाचा क्रमांक असतो: 102 म्हणजे टार्ट्राझिन, पिवळा. 133 म्हणजे ब्रिलियंट ब्लू. एक बाटली फक्त 102 ची, एक फक्त 133 ची आणि तिसरी हिरवी. हिरवीचं लेबल मुलांपासून झाकून ठेवा.

फिल्टर पेपर उत्तम, नसेल तर टीपकागद. खालच्या कडेपासून 2 सेंमीवर पेन्सिलीनं रेघ मारा. पेन नको, त्याची शाई पाण्याबरोबर वर चढते. रेघेवर थोड्या थोड्या अंतरानं पिवळा, हिरवा, निळा असे तीन ठिपके टूथपिकनं द्या. ठिपका 2-3 मिमीचाच हवा. फिका वाटला तर वाळू द्या आणि त्याच जागी पुन्हा टेका. एकदम मोठा थेंब टाकला की पट्टे एकमेकांत मिसळतात आणि सगळी मेहनत वाया जाते.

लिटरभर पाण्यात 1 ग्रॅम मीठ विरघळवा. त्यातलं 1 सेंमी उंचीएवढंच ग्लासात घ्या; पाणी ठिपक्यांना लागता कामा नये, लागलं तर रंग खालीच उतरतो. कागद सरळ टांगा, भिंतीला टेकू देऊ नका, वर ताटली झाका. पाणी वरच्या कडेच्या 1-2 सेंमी खाली पोचलं की कागद काढा आणि लगेच, ओला असतानाच, पाणी कुठवर आलं तिथं पेन्सिलीची रेघ मारा. वाळल्यावर ती जागा सापडत नाही.

हे घडतं कसं? कागदातलं सेल्युलोज रंगाला धरून ठेवतं, वर चढणारं पाणी त्याला ओढून नेतं. ज्याला कागद जास्त धरतो तो मागं राहतो. प्रत्येक रंगाची ही ओढाताण वेगळी, म्हणून हिरव्यातून निळा आणि पिवळा सुटे होतात.

आता मोजा. रेघेपासून पट्ट्याच्या मध्यापर्यंतचं अंतर भागिले रेघेपासून पाण्याच्या रेघेपर्यंतचं अंतर. याला आरएफ म्हणतात. पाणी 8 सेंमी चढलं आणि पट्टा 6 सेंमी, तर आरएफ 0.75. हिरव्यातल्या पिवळ्याचा आकडा शेजारच्या 102 शी जुळतो का, निळ्याचा 133 शी जुळतो का, ते बघा. एखादा गट हमखास ओरडतो, “ओ सर, आमचा पिवळा जरा खाली थांबलाय की!” कागद तिरका टांगलेला असतो, नाहीतर ठिपका मोठा झालेला असतो. त्यांना पुन्हा करायला लावा, शेजाऱ्याचा आकडा उतरवू देऊ नका.

पुस्तकातला आरएफ घेऊन ताडून बघू नका. कागद, मिठाचं प्रमाण, तापमान बदललं की आकडा हलतो. आमच्याकडं जांबोटी-कणकुंबीच्या बाजूला पावसाळ्यात कागदच इतका ओलसर असतो की ठिपका टेकताक्षणी पसरतो. जुलैत कागदावर आधी कोमट इस्त्री फिरवून घ्या.

आकडा जुळला तरी माझ्या मते निम्मंच काम झालं. दोन वेगळे पदार्थ एकाच उंचीवर थांबू शकतात. नवा कागद घ्या, मीठपाण्याऐवजी सर्जिकल स्पिरिट आणि पाणी निम्मंनिम्म वापरा (स्पिरिट पेटतं, स्टोव्हजवळ नको). तिथंही जोडी जुळली तर दावा बराच भक्कम होतो. जुळली नाही तर ‘हा 102 नाही’ हे ठामपणे सांगता येतं.

रशियन वनस्पतिशास्त्रज्ञ मिखाईल त्स्वेत यानं 1906 साली पानांतली रंगद्रव्यं खडूच्या भुकटीनं भरलेल्या नळीत अशीच सुटी केल्याचं प्रसिद्ध केलं. पुढं मार्टिन आणि सिंज यांना या तंत्रातल्या कामासाठी 1952 चं नोबेल मिळालं. बिनरंगी पदार्थही चालतात: अमिनो आम्लं कागदावर दिसत नाहीत, पण निनहायड्रिन फवारून गरम केलं की बहुतेक जांभळी उमटतात. ते मात्र प्रयोगशाळेतच करा.

वाळलेल्या कागदावर तारीख, द्रावण आणि सगळे आरएफ पेन्सिलीनं लिहा आणि तो वहीत ठेवा. उन्हात टांगला तर रंग उडतात.