‘ऐकू काय येतं?’ : प्रोग्रेसिव्ह आणि अँबियंट अल्बमवर लिहू पाहणाऱ्यांसाठी

माझं पहिलं परीक्षण संपादकांनी परत पाठवलं होतं. अमेरिकन संगीतकार विल्यम बसिन्स्कीच्या ‘द डिसइंटिग्रेशन लूप्स’ या अँबियंट, म्हणजे गाण्या-ठेक्याऐवजी संथपणे बदलणाऱ्या नादावर उभ्या असलेल्या अल्बमवर मी नऊशे शब्द लिहिले होते. ऐंशीच्या दशकात टेपवर घेतलेले छोटे छोटे तुकडे, २००१ मध्ये ते संगणकावर उतरवून घेताना टेपवरचा चुंबकीय लेप झडायला लागला, मग सप्टेंबरात न्यूयॉर्कचे मनोरे कोसळले आणि त्याने गच्चीवरून धूर बघत हेच संगीत ऐकलं, ही सगळी हकिकत मी भारावून सांगितली होती. संपादकांनी समासात एकच ओळ लिहिली : ‘हे सगळं बरोबर, पण ऐकू काय येतं?’

मला उत्तर देता येईना. मी अल्बम ऐकला होता, पण लिहिलं होतं ते वाचलेलं.

मग रात्री जेवणं आटोपल्यावर दिवा मालवून पुन्हा बसले. पहिला तुकडा तासाभराहून मोठा आहे. काही सेकंदांची एकच ओळ फिरत राहते. बराच वेळ वाटलं, काहीच बदलत नाही. नंतर कधीतरी लक्षात आलं की सुराची शेपटी आता पूर्वीइतकी लांब राहिलेली नाही. मग मध्ये बारीक खड्डे पडायला लागले आणि ते खड्डेच हळूहळू ठेक्यासारखे वाटायला लागले. शेवटाकडे मूळ ओळ कानात नव्हती, माझ्या आठवणीत होती. हे चार-पाच ओळींत लिहिलं आणि तेवढंच छापून आलं. आधीचे नऊशे शब्द गेले.

तेव्हापासून मी एकच काम करते. अमुक मिनिटाला काय होतं ते आधी लिहायचं आणि मग ते मला का भिडलं ते सांगायचं. नवीन मुलं नेमकं उलटं करतात, कारण विशेषणं लगेच सुचतात. ‘गूढ’, ‘ध्यानमग्न’, ‘अंतराळाची सफर’ हे शब्द मी वहीच्या पहिल्या पानावर लिहून त्यांच्यावर काट मारली आहे. ते कुठल्याही अल्बमला चिकटवता येतात, म्हणून कुठल्याच अल्बमबद्दल काही सांगत नाहीत.

ऐकायला बसण्याआधी फोनमधलं शफल आणि क्रॉसफेड बंद करा. क्रॉसफेड चालू असलं की एका तुकड्याचा शेवट पुढच्याच्या सुरुवातीवर चढतो आणि संगीतकाराने जपून ठेवलेली शांतता तुमच्यापर्यंत पोचतच नाही. शक्य असेल तर वायरचे हेडफोन घ्या, ब्लूटूथवर आवाज बहुतेकदा आवळून येतो. लॅपटॉपच्या स्पीकरवर खर्ज जवळजवळ नसतोच. माझी नोकरी पणजीला. फोंड्याहून जाता-येता बसमध्ये मी खूप ऐकते, पण ते ओळख करून घेण्यापुरतं. बसमध्ये ऐकून लिहायचं नाही, हा नियम मी मोडत नाही.

सत्तरच्या दशकातले प्रोग्रेसिव्ह रॉकचे, म्हणजे लांब रचना आणि बदलते ताल असलेल्या रॉकचे, अल्बम ऐकताना एक गोष्ट ध्यानात ठेवा. तबकडीच्या एका बाजूवर साधारण वीस-बावीस मिनिटं मावत. ‘येस’ या ब्रिटिश बँडच्या १९७२ सालच्या ‘क्लोज टू द एज’चं शीर्षकगीत अठरा मिनिटांच्या वर आहे, अख्खी एक बाजू त्याचीच. श्रोता उठून तबकडी उलटणार हे बनवणाऱ्यांना ठाऊक होतं. ती जागा तुमच्या टिपणांत यायला हवी, नाहीतर दुसरी बाजू इतक्या मोकळेपणाने का सुरू होते ते कळत नाही.

आता तालाबद्दल. इथे आपल्या लोकांकडे जी शिदोरी आहे तिची आपल्याला कदर नाही असं मला वाटतं. माझे मामा जत्रेच्या नाटकांना तबल्याची साथ करायचे. एका रविवारी त्यांना मी पिंक फ्लॉइड या ब्रिटिश बँडचं १९७३ सालचं ‘मनी’ हे गाणं ऐकवलं. सुरुवातीला नाण्यांचे, गल्ल्याचे आवाज येतात. ते ऐकताऐकताच त्यांचा अंगठा बोटांच्या पेरांवर फिरायला लागला. ‘सात,’ म्हणाले. मी उत्साहाने म्हटलं, ‘म्हणजे रूपक!’ त्यांनी मान हलवली. ‘सात मात्रा आहेत म्हणून रूपक म्हणू नको. रूपकाची सम, म्हणजे पहिली मात्रा, ‘खाली’च्या जागी येते, तिथे टाळी नसते. इथे पहिल्याच ठोक्यावर सगळा भार आहे.’ मग सॅक्सोफोन संपून गिटार सुरू झाली तसे ते ताठ बसले. ‘हांगा ताल बदल्लो गो बाय. आतां चारांत गेलो.’ मी ते गाणं शेकडो वेळा ऐकलं होतं. तिथे गाणं एकदम मोकळं होऊन धावतं हे मला जाणवायचं, पण सातातून चारात आल्यामुळे ते होतं हे मला त्या दिवशी कळलं. गिटार थांबली, गाणं परत सातात आलं आणि मामांनी समेवर मांडीवर हात टाकला.

लयकारीसाठी गाजलेले लयभास्कर खाप्रुमामा पर्वतकर गोव्याच्या याच मातीतले. आपल्या देवळांत, आरत्यांत, शिगम्यात घुमट-शामेळ ही आपली चर्मवाद्यं ऐकत वाढलेल्या मुलाला विषम मात्रांचं भय वाटायचं कारण नाही. हाताने ताल धरा, मोजा, आणि मगच ‘गुंतागुंतीचा ठेका’ लिहा. मोजल्यावर बहुतेकदा तो शब्द लागतच नाही.

शब्दांचंही तसंच. आस, खर्ज, घुमारा, आवर्तन, जवारी हे शब्द वापरा, इंग्रजीतली परीक्षणं भाषांतरून मराठीत आणू नका. जवारी तर फार कामाचा शब्द आहे. काही अँबियंट अल्बममध्ये एकच स्वर दहा मिनिटं धरलेला असतो, पण त्याच्या पोटात वरचे स्वर चमकत राहतात. तंबोऱ्याजवळ कान नेलेल्या वाचकाला ‘जवारी’ म्हटलं की लगेच कळतं. मात्र प्रत्येक लांब स्वराला तंबोरा म्हणू नका. तंबोरा कोणाला तरी गायला जागा करून देतो. इथे कोणी गायला येणार नसतं, त्या स्वराकडेच बघत राहायचं असतं.

ब्रिटिश संगीतकार ब्रायन ईनोच्या १९७८ सालच्या ‘म्युझिक फॉर एअरपोर्ट्स’ने मला थांबायला शिकवलं. त्यातल्या दुसऱ्या तुकड्यात माणसांच्या आवाजातले ‘आ’कार आहेत, प्रत्येक स्वर वेगळ्या लांबीच्या टेपच्या वेटोळ्यावर. एक साधारण साडेतेवीस सेकंदांनी परत येतो, एक सव्वीसच्या जवळपास, एक तीसच्या. लांब्या एकमेकींत बसत नाहीत, म्हणून तोच मेळ पुन्हा सहसा जुळत नाही. हे वाचून सोडून देऊ नका. सेकंदकाट्याचं घड्याळ समोर ठेवा, एक आवाज निवडा आणि फक्त त्याची वाट बघा. मी ज्या रात्री हे केलं त्या रात्री सातव्या-आठव्या फेरीला माझा आवाज दुसऱ्या दोघांच्या अगदी जवळ येऊन पडला आणि अंगावर काटा आला. कोणी ठरवून रचलेला नसलेला तो क्षण होता. परीक्षणात मी तेवढाच लिहिला.

गोव्यात राहून संगीतावर लिहिते म्हटलं की समोरचा हणजुणच्या किनाऱ्यावरच्या ट्रान्सबद्दलच, म्हणजे नाचाच्या इलेक्ट्रॉनिक संगीताबद्दलच, विचारतो. त्यावरही लिहावं, मनापासून आवडत असेल तर. पण गावाच्या नावावरून विषय निवडू नका.

पैशांचं थोडक्यात : यावर घर चालत नाही. पन्नास मिनिटांचा अल्बम तीनदा नीट ऐकून लिहायचा म्हणजे दोन-तीन संध्याकाळी जातात आणि मानधन, मिळालंच तर, हेडफोनच्या वायरीइतकं. फुकट मिळालेला अल्बम म्हणजे उपकार समजू नका. गोवा लहान आहे, वाजवणारे बरेचसे ओळखीचे निघतात. मित्राच्या अल्बमवर मी लिहीत नाही, त्याला फोन करून सांगते. अनोळखी नवोदिताचा पहिला अल्बम फसला असेल तर कुठे फसला ते मिनिटासकट लिहिते. त्या मिनिटाचा त्याला उपयोग होतो, माझ्या नाराजीचा होत नाही.

माझी मोठी चूक तिसऱ्या वर्षातली. एका तरुण संगीतकाराच्या अँबियंट अल्बमवर लिहिताना मी त्याच्या खालच्या पट्टीतल्या अखंड घुंकाराचं कौतुक केलं होतं. बाराव्या मिनिटाच्या सुमारास तो घुंकार अचानक तुटतो, ही अल्बममधली सगळ्यांत धीट जागा आहे, असंही लिहिलं. मडगावचे एक वाचक ध्वनिमुद्रणाचं काम करायचे. त्यांनी कळवलं की त्या तुकड्यात खर्जात काहीच नाही. मी पुन्हा स्वयंपाकघरातल्या त्याच टेबलाशी, त्याच स्पीकरवर ऐकलं. घुंकार होता. मग उठून फ्रिज बंद केला आणि घुंकार गेला. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची, अशा यंत्रांची घरघर १०० हर्ट्झच्या आसपास बसते आणि त्या अल्बमच्या सुरात ती बेमालूम मिसळली होती. बाराव्या मिनिटाला कॉम्प्रेसर थांबला होता.

त्या रात्री झोप लागली नाही. ज्या मुलाने वर्षभर खपून शांतता रचली होती, त्याची शांतता मी ऐकलीच नव्हती. पुढच्या अंकात दुरुस्ती दिली, त्याची माफी मागितली आणि अल्बमवर पुन्हा, या वेळी पूर्ण, लिहिलं. आता ऐकायला बसताना फ्रिजचं बटण बंद करते, दुसऱ्यांदा ऐकते ते वेगळ्या खोलीत, आणि वहीत प्रत्येक टिपणाच्या डोक्यावर जागा, वेळ आणि कशावर ऐकलं ते लिहिते. पावसाळ्यात आणखी एक ओळ वाढते : कौलांवर पाऊस होता की नव्हता.