वाफसा आला की लावा : काळ्या मातीतली बारमाही फुलझाडे आणि शोभेची गवते

अंगणातली बाग वाढवायची ती मृगाच्या पावसातच, असा मराठवाड्यात पक्का समज आहे. परंतु वर्षानुवर्षे टिकणारी फुलझाडे आणि शोभेची गवते यांना दसरा ते दिवाळीचे दिवस अधिक मानवतात. हस्ताचा पाऊस ओसरलेला असतो, मातीत खोलवर ओल असते, ऊबही असते, आणि एप्रिल-मेचे ऊन सोसण्याआधी मुळांना चार-पाच महिने मिळतात. भर पावसाळ्यात लावलेले कोवळे रोप काळ्या मातीत पाणी साचून कुजण्याची भीती राहते.

नेमका दिवस ठरवायचा तो मातीवरून. वीतभर खोलीवरची मूठभर माती दाबून पाहावी. ती हाताला चिकटली किंवा लकाकली, तर थांबावे. तिचा गोळा होऊन अंगठ्याच्या दाबाने लगेच फुटला, तर वाफसा, म्हणजे लागवडीजोगी ओल, आला असे समजावे. ओल्या मातीत कुदळ चालवली की खड्ड्याच्या कडा सारवल्यासारख्या गुळगुळीत होतात आणि वाळून कडक बनतात. परतीच्या पावसानंतर दुसऱ्याच दिवशी मी एकदा जास्वंद लावली होती. उन्हाळ्यात ती सुकली म्हणून उपटून पाहिली, तर मुळे कुंडीतल्यासारखी गोल गोल फिरलेली होती.

जमीन भारी, म्हणजे चिकट काळी, असेल तर खड्ड्यापेक्षा २० ते २५ सेंटीमीटर उंचीचा वाफा बरा. माती, बारीक मुरूम आणि कुजलेले शेणखत सारख्या प्रमाणात मिसळावे. मूठभर वाळू टाकून काळी माती भुसभुशीत होत नाही, हे मी पैसे घालवून शिकलो.

गवतांची घाई आधी करावी, कारण थंडी पडल्यावर त्यांची वाढ मंदावते आणि डिसेंबरात फोडलेले ठोंब नुसतेच बसून राहतात. गवती चहाचा जुना गड्डा खणून, प्रत्येक ठोंबाला मुळे राहतील असा फोडावा, पाने वीतभर ठेवून छाटावीत आणि ६० सेंटीमीटर अंतरावर लावावे. वाळ्याची मुळे आडवी न पसरता सरळ खाली जातात, म्हणून मोरीच्या पाण्याच्या पाटाकडेला तो शोभतोही आणि माती धरूनही ठेवतो. जांभळ्या पानांचे पेनिसेटम हे शोभेचे गवत रोपवाटिकेतूनच आणावे. त्याला दिवसभर ऊन हवे.

फुलझाडांत अबोली, कोरांटी, कर्दळ आणि सदाफुली यांच्याबाबत फारसा विचार करावा लागत नाही. चुनखडीच्या जमिनीत जास्वंदाची पाने शिरा हिरव्या राहून पिवळी पडतात. त्या जागी चुनखडी सोसणारे दुसरे फुलझाड लावावे.

लागवड होताच आळे करून भरपूर पाणी द्यावे, पहिले दोन आठवडे एक दिवसाआड आणि नंतर ओल पाहून चार-पाच दिवसांनी. याच सुमारास सोयाबीनची मळणी होते, तेव्हा पोतेभर भुसकट मिळवून त्याचा दोन-तीन इंच थर आळ्यात पसरावा. खोडाभोवती मात्र चार बोटे जागा मोकळी सोडावी, नाहीतर वाळवी लागते.

फेब्रुवारीअखेर गवती चहा वीतभर उंचीवर कापावा. त्यानंतर जमिनीला भेगा पडू लागल्या की मुळे तुटतात, म्हणून भेग बोटभर रुंद होण्याआधीच खुरप्याने वरची माती हलवून ती बुजवावी आणि वर पुन्हा भुसकट टाकावे.