बुजऱ्या मांजरीला घर शोधताना
शेल्टरमधली लंगडी, माणसाला बुजणारी मांजर दत्तक द्यायची तर नुसत्या गोड फोटोवर भागत नाही. पायाला काय झालंय, औषध किती दिवस, हात लावला की फिस्कारते का, सगळं आधीच सांगा. लपवलंत तर आठ दिवसांत परत येते बिचारी. सोबत तिचं अंथरायचं फडकं द्या, न धुता. ओळखीचा वास असला की पहिली रात्र निभते. नव्या घरी आधी एकच खोली, खिडकीला जाळी, आडवं ठेवलेलं पुठ्ठ्याचं खोकं. त्यातून ओढून काढू नका. (पाहुण्यांना दाखवायला तर मुळीच नाही!) 24 तास काहीच खाल्लं नाही तर डॉक्टरांना फोन करा. दुखतंय म्हणून घरातली पॅरासिटामॉल देऊ नका, मांजरीला ते विषच.