जुना हेवी-ड्यूटी पिकअप निवडताना पुढचा अ‍ॅक्सल कसा पारखावा

अमेरिकी बनावटीचा जुना फोर-व्हील-ड्राइव्ह पिकअप घेताना आधी वाकून पुढचा अ‍ॅक्सल, म्हणजे पुढची चाके ज्यावर बसतात तो आस, पाहावा, कारण एका प्रकारचा काढून दुसरा बसवणे खर्चिक आणि किचकट असते.

1980 ते 1997 या काळातील फोर्ड एफ-250 मध्ये ट्विन ट्रॅक्शन बीम, म्हणजे एकमेकांशेजारून जाणारे दोन हलते बीम असतात. चाक वर-खाली होताना त्याचा कॅम्बर, म्हणजे उभ्या रेषेपासूनचा कल, बदलतो, त्यामुळे स्प्रिंग दबून खचलेल्या गाडीचे पुढचे टायर एकाच कडेने झिजतात. टायरच्या आतल्या कडेवरून हात फिरवल्यास विक्रेत्याने न सांगितलेले बरेच काही कळते. त्याच काळातील 1986 नंतरच्या एफ-350 ला मात्र डाना 60 हा अखंड अ‍ॅक्सल, म्हणजे दोन्ही चाकांना जोडणारा एकसंध अ‍ॅक्सल, मिळतो. सतत जड ओझे किंवा बर्फ हटवणारा नांगर लावायचा असेल, तर माझ्या मते तोच शोधावा.

शेव्हरोलेच्या 1988 पासूनच्या नव्या पिढीत प्रत्येक पुढचे चाक वेगळे हलू देणारे स्वतंत्र सस्पेन्शन आणि पीळ घेऊन स्प्रिंगचे काम करणारे टॉर्शन बार आले. रस्त्यावर ही गाडी अधिक आरामदायी वाटते, पण स्टीअरिंगची हालचाल चाकांकडे नेणारे आयडलर आर्म व पिटमन आर्म आणि चाकांना शक्ती पोचवणाऱ्या सीव्ही जॉइंटचे रबरी बूट तपासावेत.

1994 नंतरच्या डॉज रॅम 2500 मध्ये अखंड अ‍ॅक्सल कॉइल स्प्रिंगवर असतो. ट्रॅक बार (अ‍ॅक्सलला बाजूला सरकू न देणारा दांडा) किंवा बॉल जॉइंट (चाक वळू देणारे गोल सांधे) सैल झाले, की वेगात खड्डा लागताच स्टीअरिंग जोरात थरथरू लागते. स्टीअरिंगची थरथर शोषणारा नवा डॅम्पर हा दोष केवळ झाकतो. म्हणून इंजिन चालू ठेवून एकाने स्टीअरिंग डावी-उजवीकडे हलवावे आणि दुसऱ्याने ट्रॅक बारच्या टोकावर नजर ठेवावी.